टोपलीखालचं पीठ

काल आमच्या वावरात सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा झाली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाखाली पाच खडे मांडले, कुंकू लावलं, दहीभात ठेवला आणि वेचणीचं पहिलं बोंड मी माझ्या हातानं ओटीत घेतलं. दरवर्षी हे काम माझ्याकडंच येतं, कारण घरात सगळ्यांत म्हातारी मीच. म्हातारपणाचा मान तो एवढाच. बाकी वर्षभर 'बुढी बसल्या जागेवरून हुकूम सोडते' हेच ऐकायचं. नंतर दहीभात वाटताना माझ्या हातून तो सांडला. तो वयामुळं सांडला असं सगळ्यांना वाटलं. वाटू द्या.

सांडला तो सगुणामुळं. सगुणा माझी नात, लेकाची लेक, आत्ता कुठं नीट बोलायला लागलेली. सकाळी गार वारा सुटला होता म्हणून सुनेनं तिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर निजवलं आणि वाकळ पांघरली. वाकळ तोंडावर गेली मात्र, पोरगी अशी किंचाळली की वेचणाऱ्या बाया ओटीतला कापूस सांडत पळत आल्या. चेहरा लालबुंद, श्वास वर अडकलेला, दोन्ही हातांनी हवा ओरबाडत होती. सुनेनं छातीशी धरून गप्प केलं. तिचं मन रमावं म्हणून मी पूजेतलं झेंडूचं फूल तिच्या केसांत खोचलं. तिनं ते ओढून काढलं. फेकलं असतं तर मला काहीच वाटलं नसतं. तिनं बोटानं माती उकरली आणि ते फूल देठाकडून मातीत रोवलं.

सून मला मामी म्हणते. ती म्हणाली, "मामी, हे पोट्टी अशी काहून करते वो? घरातलं कोनी आलं का हिच्या रूपानं?"

सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघत उभ्या. मी म्हटलं, "दहीभात वाया जाऊन राह्यला, आधी तो घ्या." वेळ मारून नेली. पण माझी सून विसरणारी बाई नाही. ती पुन्हा विचारणार. तेव्हा तिला काय सांगायचं, यातच कालपासून जीव अडकून पडला आहे. मी जे सांगेन तेच त्या पोरीच्या कपाळी बसेल. या घरात माझ्या शब्दाला किंमत नाही म्हणते खरी, पण असल्या बाबतीत आहे. म्हाताऱ्या माणसाला मेलेल्यांची खबर असते असं सगळे धरून चालतात.

आणि मला तर खबर आहेच. मीच एकदा कुणाची तरी होऊन आले होते.

माझं माहेर अकोल्याजवळ, मोर्णेच्या काठाला. आम्ही माळी. नदीकाठच्या पट्टीत वांगी, मिरची, मेथी करायची आणि पहाटे टोपल्या डोक्यावर घेऊन अकोल्याचा बाजार गाठायचा. माझ्या बाबांची एक थोरली बहीण होती, साळू. पोरपणीच विधवा होऊन माघारी आली. तिला फुलांचं फार वेड. लावायची हौस मोठी आणि माळायची मनाई. विधवेच्या केसांत फूल कोण खपवून घेणार! ती बाबांच्या मागंच लागली, की वरच्या काळ्या रानात विहीर खोद, मी तिथं फुलांची बाग करते. बाबांनी बहिणीचा शब्द मोडला नाही. विहीर खोदायला घेतली. आत्या स्वतः मातीच्या पाट्या वाहायची. पावसाळ्यानंतरची काळी माती, वरून वाळलेली आणि आतून भुसभुशीत. एके दुपारी एक बाजू ढासळली आणि आत्या आत होती. काढेपर्यंत तोंडात, नाकात, कानांत मातीच माती.

आमच्याकडं माणूस गेलं की ते जिथं ठेवलं होतं तिथं ज्वारीचं पीठ चाळून पसरतात. वर टोपली पालथी घालतात, शेजारी दिवा ठेवतात. सकाळी टोपली उचलून बघायचं. पाखराचा पाय उमटला तर ते माणूस पाखराच्या जन्माला गेलं, गुराचा खूर दिसला तर गुराच्या, आणि बाळाचं पाऊल दिसलं तर माणूस माणसात परत येणार. आत्याच्या वेळी ओसरीवर पीठ पसरलं होतं. सकाळी त्यात म्हणे इवलंसं पाऊल दिसलं. माय तेव्हा गरोदर होती. सगळ्या आळीनं तिच्या पोटाकडं बघितलं.

त्या पोटातून मी आले, आणि जन्मल्यापासून मला तोंडावर काही चालायचं नाही. पदर पडला तरी काळीनिळी व्हायची. झालं. शंकेला जागाच उरली नाही. "मातीखाली गेलेली हाय ते, तिले तोंडावर कसं सोसंल?" असं माय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. माझं नाव यमुना ठेवलं, पण बाबांनी त्या नावानं मला कधी हाक मारली नाही. ते मला 'बाई' म्हणायचे, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. बाई, जेवली काय? बाई, पाय दुखते काय? भाऊबिजेला ते पाटावर बसायचे आणि मी, परकराला पाय अडकणारी पोर, माझ्या बापाला भाऊ म्हणून ओवाळायची. ते माझ्या पाया पडायचे. मला गंमत वाटायची. मोठेपण कुणाला नको असतं? भीतीचं मोठेपण तर फारच सोयीचं. विहिरीत उतरायचं नाही, गच्च कोठीत जायचं नाही, पेंढ्यांच्या आड खेळायचं नाही. सगळीकडं 'बाईले नोको, तिले सोसत नाई.'

माझ्या पाठीवर चंद्री झाली. तिच्या वेळी घरात कुणी मेलं नव्हतं, त्यामुळं ती कुणाचीच कुणी नव्हती. याचं तिला फार लागायचं. मायच्या मागं मागं फिरायची, "माय, मी मागल्या जन्मी कोन होती वो?"

"तू कोनी नाई. तू आपली चंद्री."

"असं कसं? कोनी तरी असनच की!"

"चिमणी असशीन. लय चिवचिव करतं म्हणून."

मग ती मला चिडवायची. "तू जुनी हायस, यमे. घासून घासून वापरलेली. मी नवीकोरी हाय." पण हे म्हणताना तिचा चेहरा उतरलेला असायचा. घरातल्या प्रत्येकाला कुठून तरी आल्यासारखं वाटत होतं आणि तिला एकटीलाच मागं काही नव्हतं.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, किती आंधळी माणसं आम्ही! आत्याची बाग विहीर पुरी झाल्यावर बाबांनी लावली होती. झेंडू, शेवंती, मोगरा. तिला सगळे 'बाईची बाग' म्हणायचे, म्हणजे माझी. मला त्या बागेचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. मी तिथं जायची ती केसांत माळायला फुलं तोडण्यापुरती. एकदा माळलं की दिवसभर आरशाऐवजी पाण्यात बघत बसायची. आणि चंद्री? ती उजाडायच्या आत बागेत. आळी करायची, किडे वेचायची, रोपांशी बोलायची. हार गुंफण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण तिनं स्वतःच्या केसांत कधी एक पाकळी घातली नाही. माय खोचायला गेली की मान वळवायची. "मले नाई बरं वाटत," म्हणायची. आम्ही म्हणायचो, पोट्टी हट्टी आहे.

मग ते कापसाचं साल आलं. समुद्रापल्याड कुठं तरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि इकडं वऱ्हाडातल्या माणसांना वेड लागलं. ज्यानं त्यानं पऱ्हाटीच लावली. कुणबी तर लावतातच, पण आम्ही माळ्यांनीही केळी कापल्या, मिरच्या उपटल्या. मोर्णेच्या काठी उभं राहिलं तर हिरवी भाजी दिसेना. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत नुसत्या गाड्याच गाड्या, आणि वाटेवरच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले. ताकात कापूस, भाकरीत कापूस, पोरांच्या नाकात कापूस. लोक एकमेकांना ओळख दिल्याशिवाय पुढं जायचे, इतकी घाई. ते पांढरे दिवस आठवले की अजून मला घशात खवखवतं.

उन्हाळ्यात बाबा माझ्यासमोर येऊन बसले. "बाई, तुही बाग यंदा कपाशीखाली घालू काय?" बहिणीचं रान, तिलाच विचारायला नको? मी म्हटलं, "घाल ना." मला काय, फुलं बाजारातही मिळायची. चंद्री उंबऱ्यात उभी होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर उपटून टाकलेल्या ढिगातून झेंडूची काही रोपं उचलून तिनं विहिरीपाशी लावली होती, मोटेचं पाणी सांडतं तिथं, चिखलात. बाबा हसले. "राहू दे वो, तेवढ्या जागेत काय पिकते?"

त्या वर्षी कापूस असा फुटला की घरात ठेवायला जागा पुरेना. भाजीच्या टोपल्यांची लांबट खोली रिकामी करून तिथं कापूस भरला. आमची घरं धाब्याची, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर आणि उजेडासाठी त्याला एक भोक. त्या भोकातून कापूस आत ओतायचा आणि आत कुणी तरी तो तुडवायचा, म्हणजे दाबून बसतो आणि आणखी मावतो. खोली वरपर्यंत भरत आली की मोठं माणूस वाकूनही मावत नाही. मग हलकं पोर सोडायचं.

थोरली म्हणून मायनं आधी मलाच हाक मारली होती. बाबांनी तिला अडवलं. "बाईले नोको. तिचा जीव जाईन आत. चंद्रे, तू जाय." चंद्री परकर खोचून धाब्यावर चढली. भोकातून खाली पाय सोडून बसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मी चिमणी होती ना, मले काई भेव नाई." मग आत उडी मारली. रोज तेच चाललं होतं. तुडवताना ती गाणं म्हणायची. कापसात आवाज दबून यायचा, शेजारच्या गावातून कुणी गात असल्यासारखा.

पौषातली गोष्ट. दुपारी व्यापाऱ्याच्या गाड्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, ठरल्या वेळेच्या आधीच. गाडीवान ओरडायला लागले, बैल हंबरायला लागले. बाबा धावत खोलीच्या दाराशी गेले आणि खालून कापूस ओढायला लागले. दोन्ही हातांनी, कवेत घेऊन. वर चंद्री तुडवत होती. ती वर आहे हे त्यांना ठाऊक होतं. घाईत ध्यानात राहिलं नाही, एवढंच. खालून पोकळी झाली आणि अख्खी रास आतल्या आत बसली. आवाज काहीच झाला नाही. गाणं तेवढं थांबलं.

मी ओसरीवर होते. गाणं थांबलं हे मला आधी कळलं. मी दारातून त्या कापसात घुसले. मी! तोंडावर पदर न सोसणारी! डोक्यावर, नाकावर, डोळ्यांवर कापूस, आणि मी हातांनी उकरत पुढं जात होते. चंद्रीचा पाय हाताला लागला तेव्हा तो ऊन होता. ओढून काढली तेव्हा तिच्या तोंडात, नाकात, कानांत कापूसच कापूस. माय तो बोटानं काढत राहिली. कितीही काढला तरी आणखी निघायचा.

नंतर ध्यानात आलं, त्या खोलीत मला भीती वाटलीच नव्हती. त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही. गेली ती गेली.

तिला न्यायच्या आधी मायनं तिची वेणी घातली. विहिरीपाशी तिचे झेंडू फुललेले होते, त्यातली फुलं कुणी तरी आणून दिली. माय वेणीत फूल खोचायला गेली आणि तिचा हात मधेच थांबला. "हिनं कधी फूल माळलं नाई," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे, आपल्याशीच. मग तिनं मान वर करून बाबांकडं बघितलं. बाबा भिंतीला टेकून उभे होते, ते तसेच खाली घसरले. एवढ्यात मलाही कळलं. फुलांचं वेड आणि माळायची मनाई. हे माझ्यात कधी होतं? पाऊल एकाचंच दिसलं म्हणून आम्ही एकीलाच धरून बसलो होतो. आत्याची भीती माझ्यात आली होती आणि तिचं स्वप्न चंद्रीत. आम्ही भीतीला पाटावर बसवलं, पूजलं, आणि स्वप्नाला कापूस तुडवायला पाठवलं.

संध्याकाळी बाबांनी आपल्या हातानं पीठ चाळलं. त्या खोलीतला कापूस बाहेर काढून भुई सारवली, पीठ पसरलं, टोपली ठेवली. सकाळी आळी जमली. बाबा पुढं होऊन वाकणार, इतक्यात माय आली. तिनं टोपली उचलली आणि कुणाला काही दिसायच्या आत पिठावरून आपला तळवा फिरवला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, भुई सारवावी तसा.

"काय केलं तू हे?" बाबा ओरडले. "ते कुठी गेली, आता कसं कळंल मले?"

"नाई कळाले पायजे," माय म्हणाली. "आता कोनाच्या बी लेकरावर हे ओझं नोको. ज्याचं त्याले जगू द्या."

त्यावरून पुढं माय-बाबांचं बोलणं कितीतरी दिवस बंद होतं. मला मायचा राग आला होता. आपली चंद्री पाखरात गेली की माणसात, एवढं तरी कळायला नको? मी प्रत्येक चिमणीकडं बघायची. बाजारात कुणाच्या कडेवर पोर दिसलं की त्याच्या डोळ्यांत डोकवायची. कुणी ओळख देईना.

आणि माझी भीती जी गेली ती गेलीच. लोकांना वाटेल, सुटली बाई एकदाची. सुटले कसली! पोरकी झाले. आत्याचं म्हणून माझ्याकडं जे होतं ते चंद्रीसोबत निघून गेलं होतं. मी रिकाम्या घरासारखी झाले. जी आधी कुणाची तरी होती, ती आता कुणीच नव्हती. चंद्री विचारायची ते माझ्या तोंडी आलं. मी कोन होती? आणि उत्तर द्यायला आता कुणी नव्हतं.

पुढच्या भाऊबिजेला मायनं ताट केलं, कारण सण चुकवायचा नाही. बाबा पाटावर बसले. वर्षभरात पार वाळून गेले होते. मी ताट घेऊन पुढं गेले आणि माझा हात उचलेना. मी म्हटलं, "बाबा, मी तुमची बहीण नाई वो."

त्यांनी वर बघितलं. मग म्हणाले, "माहीत हाय मले, यमुने." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली. मग तोंडावर हात घेऊन ते लहान पोरासारखे रडले. "एकाच बहिणीले मी दोनदा पुरलं वो. एक डाव मातीत, एक डाव कापसात. दोन्ही खेपेले माह्याच हातानं."

मी ताट खाली ठेवलं आणि त्यांच्याजवळ बसले. त्या वर्षी आमच्या घरात कुणी कुणाला ओवाळलं नाही.

पुढं मला सासरी धाडलं, इकडं नांदगाव खंडेश्वराकडं. पलीकडची ती लढाई संपली, कापसाचं वेड उतरलं, ज्यांनी बागा मोडल्या होत्या ते कपाळाला हात लावून बसले. बाबांनी वरच्या रानात पुन्हा फुलं लावली, पण त्यांच्या हाताला ती लागेनात. मी लेकरं वाढवली, दोन गमावली. त्या दोघांच्या वेळी मी कुणाला पीठ पसरू दिलं नाही. सासरच्यांनी नाकं मुरडली. मुरडू द्या म्हटलं.

कधी कधी सगळे कामाला गेले की मी वाकळ डोक्यावरून घेते आणि पडून राहते. हसाल, पण खरं सांगते. ती जुनी भीती परत येते का, हे बघते. घुसमटायला व्हावं, छाती भरून यावी, म्हणजे निदान समजेल की आत्या, चंद्री, कुणी तरी अजून माझ्यात आहे. काही होत नाही. ऊब येते, झोप लागते. आपली भीती आपली सोयरी असते हे तिला गमावल्याशिवाय कळत नाही.

आणि काल ती भीती मी माझ्या नातीच्या तोंडावर बघितली. नुसती भीती नाही, फूल मातीत रोवणारी बोटंही. दोन्ही एकाच पोरीत. जी आत्या आम्हा दोघी बहिणींत वाटली गेली होती ती एक होऊन आली. माझं काळीज उडी मारून बाहेर पडायचं तेवढं राहिलं. मला तिला उचलून छातीशी धरायचं होतं. चंद्रे, कुठी होतीस गं इतके दिवस, म्हणायचं होतं. सगळ्या बायांना ओरडून सांगायचं होतं. एक शब्द तर बोलायचा! सून हरखली असती, लेकानं गावात पेढे वाटले असते, आणि उद्यापासून सगुणेला सगुणा कुणी म्हटलं नसतं. कुणी तिच्या पाया पडलं असतं. तिच्या पाठीवर जी येईल ती नवीकोरी, कुणाचीच नसलेली पोर, तिला कामाला लावलं असतं.

मला मायचा तळवा दिसत राहिला. पिठानं पांढरा झालेला. इतकी वर्षं मी तिच्यावर रुसले होते. तिलाही चंद्री कुठं गेली हे जाणून घ्यायचंच असेल की. आपल्याच लेकीची खूण तिनं आपल्याच हातानं पुसली, तेव्हा तिला काय झालं असेल? विचारायचं राहून गेलं. माय आता नाही.

आज सकाळी चुलीपाशी सुनेनं विषय काढलाच. "मामी, तुमी काल काई सांगतलं नाई. सगुणा कोन हाय?"

सगुणा माझ्या मांडीवर होती. माझ्या बांगड्यांशी खेळत होती. तिचे केस माझ्या हनुवटीला लागत होते.

"ते कोनी नाई वो," मी म्हटलं. "ते आपली सगुणा. वाकळ जाड हाय, लेकराले उकडून राह्यलं असन."

"मलेही तसंच वाटलं," म्हणून सून भाकऱ्या थापायला वळली. मी सगुणाला खाली ठेवलं आणि उठले. या घरातही कापूस भरायची खोली आहे, तिच्यापाशी गेले, बाहेरून दार ओढून घेतलं, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या कनवटीला खोचली.